मागच्या गोठ्यातली साथ

“दोर ताणा! अण्णा, अजून थोडा! आणि पोरांनो, तुम्ही मागे व्हा! कितीदा सांगायचं?”

काका ट्रॅक्टरवरून ओरडत होते. दोराच्या दुसऱ्या टोकाला साय होती, गोठ्यातली सगळ्यात म्हातारी गाय. सकाळी ती मेलेली सापडली होती आणि आता तिला ओढत उताराखालच्या खड्ड्याकडे न्यायचं होतं. ओल्या मातीत तिच्या पाठीचा रुंद पट्टा उमटत चालला होता आणि त्यावर झाडांची पिवळी पानं टपटप पडत होती.

काडीने डोळे मिटले नाहीत. मिटायचे नाहीत असं तिने ठरवलंच होतं. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत. घरात सगळे तिला काडीच म्हणायचे, कारण बारा वर्षांची झाली तरी अंगावर मांस म्हणून धरत नव्हतं. शेजारी तिचा धाकटा भाऊ भोपळा उभा होता. त्याचं नाव भोपळा का, हे त्याला पाहिलेल्या कुणालाही विचारावं लागत नसे. आणि तिसरी वकील, काकांची मुलगी, काडीपेक्षा वर्षाने मोठी. ही पोरगी झोपेतसुद्धा वाद घाले! तिघंही सायचंच दूध पिऊन वाढली होती.

सुट्टीचे बेत काय काय होते! झाडावर मचाण बांधायचं, ओढ्याला बांध घालायचा, भोपळ्याला पोहायला शिकवायचं. पण वसतिगृहातून वकील घरी आली त्याच दिवशी तांबू मेली. मग मिरी. आणि आता साय. मचाणाच्या फळ्या कुंपणाला टेकून तशाच भिजत पडल्या होत्या.

“साथ आहे,” डॉक्टर म्हणाले होते. जनावरांचे हे डॉक्टर फाटकापर्यंत आले होते. चिखल बघून गाडीतून काही उतरले नाहीत. काच खाली करून त्यांनी लक्षणं विचारली. लाळ गळते? गळते. पाय लटपटतात? लटपटतात. मग झटकन मरतं? हो. “साथच! दुसरं काय? सगळा कळप संपवावा लागेल. नाहीतर आजूबाजूच्या सगळ्यांच्या गोठ्यात शिरेल.” काच वर झाली आणि गाडी गेली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच!

उद्या सकाळी त्यांची माणसं इंजेक्शनं घेऊन येणार होती. गोठ्यातली एकूण एक गाय, कालवडी, वासरं, सगळी. आणि त्या सगळ्यांत बटणही.

बटण ही काडीची कालवड. जन्मली तेव्हा आई पाजेना, म्हणून काडीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. पांढऱ्या तोंडावर नाकाच्या शेंड्याशी एक काळा गोल ठिपका, जणू कुणी शर्टाचं बटण शिवलंय. काडी हाक मारेल तिथे ती धावत यायची, आणि काडी हाक मारणार नाही तिथेही यायची.

खड्ड्यात माती पडायला लागली तशी काडी गोठ्याकडे वळली. बटण दावणीला उभी होती. काडीने तिच्या गळ्यात हात टाकला, आणि नेमकी तेव्हाच बटण शिंकली. एकदा. मग दुसऱ्यांदा, चांगली दणदणीत!

“हिलाही लागलं!” दारातून काकांचा आवाज आला.

“नाही हो काका! धूळ गेली नाकात! चारा कापायच्या यंत्रापासून सगळीकडे कुट्टीचा धुरळा उडतो, मी पण शिंकते की!”

“तू शिंक नाहीतर खोक, तुला कुणी मारायला येत नाही,” काका म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. “साथीचं जनावर कळपात ठेवता येत नाही. चल, सोड तिला.”

त्यांनी दावं सोडलं. अंगणापलीकडे, घराच्या मागे, एक छोटा वेगळा गोठा होता. आजारी जनावरांसाठी काडीच्या आजोबांनी बांधलेला. बटण शेपटी उडवत, मान हलवत, अगदी मजेत काकांच्या मागे चालत गेली. दार लागलं. कुलूप पडलं. काकांनी किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

अण्णा, काडीचे वडील, फावडं धुवून ठेवत होते. काडी त्यांच्याकडे धावली. पण अण्णांनी तिच्याकडे बघितलंच नाही. “मला डॉक्टरांच्या कचेरीत जायचंय,” ते नुसतं म्हणाले. “परवानगी घ्यावी लागते. रात्री तिकडेच राहीन, सकाळी त्यांच्याबरोबरच येतो.” कळप मारायलासुद्धा परवानगी लागते! अण्णा फाटकाबाहेर पडले, तेव्हा पाठीमागून ते म्हातारे दिसत होते.

*

तिघं यंत्राच्या खोलीमागे पेंढ्यावर बसली.

“उद्या मारणारच आहेत, तर आज तिला वेगळं कशाला कोंडलं?” भोपळा म्हणाला. “निदान सगळ्यांबरोबर राहिली असती.”

“नियम आहे तो,” वकील म्हणाली. “आजारी जनावर मागच्या गोठ्यात. ऊबदार जागा, मऊ चारा, हाताने घास. आजोबांपासूनचा नियम.”

“आणि तिथे गेलं की मरतं!” काडी फणकारली.

“काडी, दवाखान्यात जास्त माणसं मरतात, म्हणून काय दवाखाना माणसं मारतो? आजारी असतात म्हणून तिथे जातात आणि आजारी असतात म्हणून मरतात. तुझा मुद्दा बाद!”

“बाद काय बाद! मिरीला काय झालं होतं?”

वकिलीणबाई पेंढ्यावर सरळ होऊन बसल्या.

मिरीला काहीच झालं नव्हतं. तिच्या खुरात खिळा गेला होता, एवढंच! काकांनी तो उपटला, जखम धुतली, पट्टी बांधली आणि चार दिवस विश्रांती म्हणून तिला मागच्या गोठ्यात ठेवलं. तांबू मेल्यावर धुवून पुसून लख्ख केलेल्या गोठ्यात. आणि मिरीही गेली. लाळ गळत, पाय लटपटत, अगदी तांबूसारखी. मग म्हातारी साय खाईना म्हणून तिला तिथे हलवलं, तर तीही तशीच.

“तिला आत साथ लागली असेल,” वकील म्हणाली, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

“मग तांबूच्या शेजारी बांधलेल्या गाईंना का नाही लागली? मोठ्या गोठ्यात एक तरी गाय मेली का? सांग ना! एक तरी?”

“नाही,” वकील सावकाश म्हणाली. “एकही नाही. काडी… मोठ्या गोठ्यात नाही असं काय आहे तिथे?”

तिघांनी डोकी लढवायला सुरुवात केली. पाणी? पाणी एकाच नळाचं. साप? साप चावला तर सूज दिसते. जमीन? जमीन काकांनी चुन्याने धुतली होती.

“उंदीर!” भोपळा म्हणाला.

“उंदराने गाय मेली तर तुला पोहायला आलंच म्हणून समज!” वकील म्हणाली, आणि क्षणभर तिघांनाही हसू आलं. मग लगेच लाज वाटली.

“चारा,” काडी म्हणाली.

मोठ्या गोठ्यात जाई तो गंजीतला चारा, जाडाभरडा, दरवर्षीचाच. आजाऱ्यांची मऊ कुट्टी मात्र वेगळी असे. घरात सगळ्यात चांगलं जे काही असेल ते आजाऱ्याला, असाच इथला शिरस्ता. यंदा काकांनी कुठून तरी फार सुरेख, बारीक, हिरवट वाळलेलं गवत आणलं होतं. नव्या कुट्टीयंत्रातून काढून त्याची पोती यंत्राच्या खोलीत वेगळी रचली होती. वर खडूने लिहिलंसुद्धा होतं: ‘रोग्यांसाठी. हात लावू नये.’

तिघांनी अर्थातच हात लावला.

भोपळ्याने घरातून आईची पांढरी चादर आणली. (“विचारलंस का?” “विचारलं असतं तर दिली असती का?”) चादरीवर कुट्टी पसरून तिघं ओणवी झाली. गवत, गवत, गवत. मऊ, सुवासिक. गाय असतो तर आपणही खाल्लं असतं, असं काडीच्या मनात आलं. मग तिच्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. बोटाच्या पेराएवढा तुकडा. गवतासारखा चुरडत नव्हता. चामड्यासारखा चिवट, मधे जाड, ताठ शीर. थोड्या वेळाने दुसरा. मग वकिलीला एकदम मूठभर सापडले.

“कसलं पान असेल?” भोपळा म्हणाला आणि एक तुकडा तोंडाकडे नेला. या मुलाला जगातली कुठलीही वस्तू आधी जिभेने ओळखायची सवय!

फाट्! वकिलीने असा फटका मारला की तुकडा पार दारापर्यंत उडाला.

“आई गं! मारतेस काय?”

“मारत नाहीये, वाचवतेय! जा, हात धुवून ये. साबण लाव!”

काडी तोवर तुकडे रुमालात बांधून उठली होती. “हे गवत कुठून आणलं काकांनी?”

“पप्पा म्हणत होते ना,” वकील म्हणाली. “बंगल्यावरून.”

*

बंगला म्हणजे ओढ्यापलीकडची मोठी इमारत. मालक कधीतरी सुट्टीला यायचे, एरवी तिथे एकटा माळी. ओढा ओलांडताना काडीच्या चपला चिखलात रुतल्या, तशी ती अनवाणीच पळत सुटली. ऊन कलायला लागलं होतं. संध्याकाळचा चारा घालायची वेळ जवळ आली होती आणि बटण कुलपात होती.

बंगल्याभोवती हिरवळ, आणि हिरवळीच्या कडेने माणसाच्या उंचीचं कुंपण. नुकतंच छाटलेलं, अगदी सरळ रेषेत. वरती कुठे कुठे गुलाबी फुलं राहिली होती. काडीने एक लांब, निमुळतं पान तोडलं, दुमडलं आणि रुमालातला तुकडा त्याच्यावर ठेवला. तोच रंग, तीच जाडी, तीच शीर.

“कण्हेर,” ती म्हणाली. आई नेहमी बजावायची, कण्हेरीला हात लावलास तर आधी हात धू, मग दुसरं बोल. विष आहे ते!

माळी पाइप गुंडाळत होता. “ए, पानं तोडू नका! काय पाहिजे?”

“माळीदादा, आमच्या काकांनी इथून गवत नेलं ना? त्यात ही पानं कशी आली?”

“आली म्हणजे? एकच ढीग होता. हिरवळ कापली, कुंपण छाटलं, टाकलं एका जागी. दोन ढीग घालायला मला काय चार हात आहेत? तुझे काका आले, म्हणाले उचलून नेऊ का? मी म्हटलं, न्या की, माझं काम वाचलं.”

“तुम्ही सांगितलं नाहीत आत कण्हेर आहे म्हणून?”

“सांगायचं काय त्यात? खतालाच नेतात ना लोक, कचऱ्याचा ढीग…” माळी बोलता बोलता थांबला. त्याच्या हातातला पाइप सुटत चालला. “खतालाच नेलं ना?”

माळ्याला वाटलं खत, काकांना वाटलं गवत. दोघंही घाईत, आणि घाईत असलेली मोठी माणसं एकमेकांना काही विचारत नाहीत! नवं यंत्र सुरू करून बघायची काकांना केवढी हौस होती. फांद्या, पानं, गवत, सगळं यंत्राने असं बारीक केलं की डोळ्यांना दिसायला काही उरलंच नाही.

परतीच्या वाटेवर वकील ओढ्यात मधेच थांबली. पाणी तिच्या घोट्यांभोवती वाहत होतं.

“काडी, माझ्या पप्पांनी मारलं गं त्यांना.”

“मुद्दाम नाही काही.”

“मुद्दाम नसलं म्हणून काय झालं? सगळ्यांना कळलं की… सांगायलाच हवं का?”

वकील कधी कुणाकडे असं मागत नसे. काडीला तिच्याकडे बघवेना.

“बटण आत आहे,” ती एवढंच म्हणाली.

वकिलीने नाक पुसलं. “चल,” ती म्हणाली आणि पळायला लागली ती सगळ्यांच्या पुढे.

*

त्यांना उशीर झाला होता. मागच्या गोठ्याच्या फटीतून काडीने आत पाहिलं. बटणच्या पुढ्यात टोपली होती आणि बटण खात होती. कडवट काही तोंडाला लागलं की मान झटकत होती, आणि मग पुन्हा मऊ गवतात तोंड घालत होती.

“बटण! नको! बटण!” काडी दार बडवायला लागली.

काका आले. काडीने सगळं एका दमात सांगितलं. चादर, तुकडे, कुंपण, माळी. काका ऐकत होते. मग त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

“मी स्वतः आणलाय तो चारा. निवडून आणलाय! आजाऱ्यांना चांगलं मिळावं म्हणून. आणि तू मला सांगतेस की मी… पुरे! उद्याचा दिवस काय थोडा आहे म्हणून आज हे? डॉक्टर शहाणे की तुम्ही शेंबडी पोरं? घरात जा!”

ते तरातरा यंत्राच्या खोलीत गेले. कोट त्यांनी खिळ्याला अडकवला आणि उगाचच यंत्राचं चाक पुसायला लागले. पुसून पुसून ते आधीच चकाकत होतं.

काडीने वकिलीकडे पाहिलं. वकील पांढरीफटक पडली होती. पण ती सरळ आत गेली.

“पप्पा, हे यंत्र कसं चालतं? तुम्ही मला अजून दाखवलंच नाहीत.”

काका वळले. त्या घरात कित्येक दिवसांत त्यांना कुणी काही बरं विचारलं नव्हतं. “हे? अगं, सोपं आहे,” ते म्हणाले. “इथून घालायचं, ही पाती बघ, अशी फिरतात… जवळ नको येऊस, बोटं जातील. इकडून बघ.” ते वाकून दाखवायला लागले. वकील “हो का?” आणि “मग?” म्हणत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. काकांची पाठ दाराकडे होती. काडीने हात लांबवला, खिशातली किल्ली काढली आणि तिथून सटकली.

भोपळ्याने कुलूप उघडलं, काडीने टोपली लाथेने उडवली. बटण बाहेर आली ती नेहमीसारखी शेपटी उडवत नाही. अंग चोरून, जपून पावलं टाकत. दोघांनी तिला उताराखालच्या जुन्या पंपघरात नेलं, जिथे आता मोडक्या बादल्यांशिवाय काही नव्हतं. थोड्या वेळाने वकीलही धापा टाकत आली.

काडीने बटणच्या फासळ्यांना कान लावला. आत धडधड होत होती. धड, धड, धड… आणि मग काहीच नाही. काडीने कान आणखी घट्ट दाबला. मग एकदम, धड! पुन्हा सुरू.

“थांबतंय मधेच,” ती म्हणाली. “वकील, हिचं थांबतंय!”

“पण सुरू होतंय ना? मग मोजू नकोस. नुसती धरून बस.”

जेवायला मुलं आली नाहीत म्हणून आई शोधत शोधत पंपघरापाशी पोचली. ओरडायला तोंड उघडलं, आणि काडीचा चेहरा बघून मिटलं. रुमालातले तुकडे तिने दिव्याजवळ धरून पाहिले. बराच वेळ पाहिले.

“काकांना कसं सांगायचं हे?” ती हळूच म्हणाली. “आणि अण्णांचा फोनही लागत नाहीये.” मग घरी जाऊन तिने पांघरुणं आणि दूध आणलं. बटणच्या पुढ्यात स्वच्छ पाणी ठेवलं. “सकाळी अण्णा येतील. जे सांगायचं ते त्यांच्यासमोर सांगा. मी तुमच्याबरोबर उभी राहीन.”

ती रात्र कशी गेली ते काडीने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

*

सकाळी धुक्यातून दोन गाड्या आल्या. पुढच्या गाडीत डॉक्टर आणि अण्णा, मागच्या गाडीत पांढऱ्या कपड्यांतली, तोंडं झाकलेली माणसं. त्याच वेळी घराच्या मागून काका ओरडत आले.

“अण्णा! कालवड नाहीये! कुलूप उघडं आहे! साथीचं जनावर मोकाट सुटलंय!”

“मोकाट नाही सुटलेलं,” वकील फाटकात येऊन उभी राहिली. “किल्ली मी घेतली पप्पा.”

घेतली होती काडीने. पण वकिलीने तिला बोलूच दिलं नाही.

डॉक्टरांनी काच खाली केली. “हा काय पोरखेळ आहे? बाजूला व्हा! वेळ नाही आम्हाला.”

“एकच प्रश्न, डॉक्टरकाका. मिरीच्या खुरात खिळा गेला होता. खिळ्याची साथ येते का?”

“काय?”

“तिला खिळ्याशिवाय काही झालं नव्हतं. मागच्या गोठ्यात नेली आणि मेली. तिघीही तिथेच मेल्या. मोठ्या गोठ्यात एकीलाही काही नाही. तुम्ही एक तरी गाय उघडून पाहिलीत का? एकीला तरी हात लावलात का?”

डॉक्टर गोरेमोरे झाले. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. काडी पुढे झाली आणि तिने चिखलातच आईची चादर पसरली. तुकडे, पानं, बंगल्यावरची फांदी. आई तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती.

“अण्णा, कण्हेर आहे ही. मऊ कुट्टीत सापडली. बटणने पण खाल्लीय थोडी. अण्णा, साथ नाहीये. खरंच नाहीये!”

अण्णांनी चादरीकडे पाहिलं, मग आपल्या धाकट्या भावाकडे. ते वळले, फावडं उचललं आणि उताराखाली चालू लागले. कालची माती अजून भुसभुशीत होती. ते एकटेच खणत होते, आणि थोड्या वेळाने डॉक्टर गाडीतून उतरले. चांगले बूट चिखलात घोट्यापर्यंत रुतले, पण या वेळी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

मुलांना आईने खड्ड्याजवळ जाऊ दिलं नाही. डॉक्टर वर आले तेव्हा त्यांच्या हातमोज्यात ओले, काळपट हिरवे तुकडे होते. जाड शिरेचे.

“पोट भरलंय याने,” ते म्हणाले. “साथ नाही. मी बघायला हवं होतं. पहिल्याच दिवशी खाली उतरून बघायला हवं होतं.” त्यांनी मागच्या गाडीला हाताने खूण केली आणि ती गाडी आल्या वाटेने धुक्यात परत गेली. “कुठे आहे कालवड?”

पंपघरात बटण आपल्या पायांवर उभी होती. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. कोळशाची पूड पाण्यात कालवून तिच्या घशात ओतली, एक इंजेक्शन दिलं, पुन्हा ऐकलं. काडी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“फार खाल्लं नाही हिने,” शेवटी ते म्हणाले. “वेळेवर काढलीत. आणखी टोपलीभर खाल्लं असतं तर मी काही करू शकलो नसतो. जगेल ही.”

काडी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आता कुठे! काल सबंध दिवस रडली नव्हती.

“तुम्ही तिघांनी सगळा कळप वाचवलात,” डॉक्टर म्हणाले. “मी इतकी वर्षं हे काम करतोय, आणि…” त्यांनी कानातली नळी काढली. “शाबास! ती पोती मात्र जाळू नका हं. धूरही वाईट. खोल पुरून टाका.” अण्णा मुलीच्या शेजारी चिखलातच बसले. मातीने भरलेला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. “काल तू माझ्याकडे आली होतीस,” ते म्हणाले. “मी थांबायला हवं होतं. तू माझ्याहून शहाणी निघालीस गं.” मग त्यांनी वकिलीलाही जवळ ओढलं.

काका दाराबाहेर उभे होते. आत यायचा त्यांना धीर होत नव्हता.

आणि तेव्हा भोपळा बोलला. सकाळपासून तो बोललाच नव्हता.

“साय तर खातच नव्हती,” तो म्हणाला. “टोपली तशीच असायची. काका म्हणाले, बघ तुझ्या हातून खाते का. मी एकेक मूठ धरली. माझ्यासाठी खा म्हटलं. तेव्हा खाल्लं तिने.” त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “म्हणजे मी मारलं का तिला?”

डॉक्टर नळी गुंडाळत राहिले.

काका आत आले. ते भोपळ्यासमोर गुडघ्यांवर बसले, तेव्हा दोघांची तोंडं समोरासमोर आली.

“इकडे बघ माझ्याकडे. ढीग उचलून कुणी आणला? मी. आत काय आहे ते न बघता यंत्रात कुणी घातला? मी. काडीने सांगितलं तर तिच्यावर ओरडलं कोण? मीच ना? ते विष मी तुझ्या हातात दिलं, रे. साय उपाशी होती आणि तू तिला मायेने घास भरवलास. तिने ते तुझ्यासाठी खाल्लं, हेही खरं आहे. पण मारलं मी. हे दोन्ही कधी एक करू नकोस. मोठा झालास तरी नको करू.”

भोपळ्याने काकांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके द्यायला लागला. वकील येऊन आपल्या वडिलांना पाठीमागून बिलगली. काडीने दुसरीकडे पाहिलं. काकांना असं रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

वर मोठ्या गोठ्यातून हंबरणं सुरू झालं होतं. या सगळ्या गडबडीत गाईंना कुणी चारा घातला नव्हता, की दूध काढलं नव्हतं.

“चला,” अण्णा उठले. “जुन्या गंजीतला काढू.” मग ते थांबले. “भोपळ्या, आधी तू बघ तो. नीट बघ. तू हो म्हणालास तरच घालायचा. आजपासून या घरात तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक काडी दावणीत पडणार नाही.”

गोठ्याच्या दारात चाऱ्याचा भारा सोडला गेला. भोपळा त्याच्यापुढे मांडी घालून बसला. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत त्याने एकेक मूठ उचलली, उजेडाकडे धरली, चाचपली, बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. गाई माना लांबवून हंबरत होत्या. काका, अण्णा, आई, दोघी बहिणी, सगळे बादल्या घेऊन उभे होते. फार वेळ लागला, आणि कुणीही त्याला घाई केली नाही.